घरातले तळे, लाल कोळंबीची सोबत

उतारवयात औषधांच्या वेळा, पथ्याच्या वेळा आणि तपासणीच्या तारखा एवढेच दिवसाचे टप्पे उरले, की माणूस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरू लागतो. सगळे त्याची काळजी घेतात. मात्र त्याने कुणाची काळजी घ्यावी, अशी अपेक्षा कुणी करीत नाही. बीड जिल्ह्यात या अवस्थेचे दोन प्रकार आपण नेहमी पाहतो. शहरातील मुले पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला नोकरीसाठी जातात आणि मागे चार खोल्यांत दोन माणसे राहतात. गावाकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या घरांना कुलपे लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत वस्तीवर आजी, आजोबा आणि शाळकरी नातवंडे एवढेच उरतात. शरीराची दुखणी डॉक्टरांना दाखविता येतात. ‘माझी कुणाला गरज नाही’ ही बोच दाखवायला कोणत्याही दवाखान्यात खिडकी नसते.

गाय-म्हैस सांभाळणे आता झेपत नाही, कुत्र्याला फिरवायला गुडघे साथ देत नाहीत, मांजर पायात येऊन पडण्याची भीती वाटते. अशा घरांसाठी या वेळी एका अगदी लहान जिवाचा परिचय करून देत आहे. काचेच्या पेटीत, पाणवनस्पतींच्या सावलीत राहणारी, जेमतेम इंचभर लांबीची गोड्या पाण्यातील लाल कोळंबी. तिला फिरवावे लागत नाही, ती आवाज करीत नाही, तिच्यामुळे कुणी अडखळून पडत नाही आणि दोन दिवस खायला घातले नाही तरी तिचे काही बिघडत नाही. तरीही तिचे जगणे, वाढणे आणि पिले होणे पाळणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून असते. माळकरी आणि शाकाहारी वाचकांनी मनात किंतु आणू नये. ही कोळंबी ताटासाठी नाही, सोबतीसाठी आहे.

ही कोळंबी कोणती?

आपल्या नद्यांत आणि धरणांत सापडणारे झिंगे वेगळे. गोदावरीच्या खोऱ्यात मत्स्यव्यवसायासाठी वाढविली जाणारी मोठ्या नांग्यांची गोड्या पाण्यातील कोळंबीही वेगळी. ती लहान पेटीत ठेवण्यासारखी नाही. घरगुती पेटीत पाळतात ती ‘चेरी श्रिंप’ या नावाने दुकानांत मिळणारी निओकॅरिडिना जातीची कोळंबी. तिचे मूळ पूर्व चीन आणि तैवानकडचे. रानात ती मातकट, जवळजवळ पारदर्शक असते. पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिचा लाल, पिवळा, निळा असे रंग वाढविले.

वनस्पतींच्या पेटीत कोळंबी ठेवण्याची रीत जगभर लोकप्रिय करण्याचे श्रेय बरेचसे जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्याकडे जाते. पेटीतले शेवाळ आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांनी एका कोळंबीचा उपयोग केला. ती आज ‘अमानो’ याच नावाने ओळखली जाते. पण अमानो कोळंबीच्या अळ्यांना वाढण्यासाठी खारे पाणी लागते, त्यामुळे घरच्या पेटीत तिची पिले जगत नाहीत. चेरीची पिले मात्र अंड्यातून थेट आईच्या रूपातच बाहेर पडतात. म्हणून नवशिक्यांनी चेरीच निवडावी. ती पुण्या-मुंबईच्या मत्स्यालयाच्या दुकानांतून मिळते. मुलगा किंवा नातू सुट्टीला येणार असेल, तर येताना दहा-बारा नग आणायला सांगावे.

सोबतीमागचे शास्त्र

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. ते पाहिलेल्या वाचकांना काचेपुढे उभे राहिल्यावर वेळ कसा निघून जाई, हे आठवत असेल. या अनुभवाचा वैद्यकीय अंगानेही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली अल्झायमर झालेल्या ६२ रुग्णांच्या भोजनगृहांत माशांच्या पेट्या ठेवून पाहिल्या. रुग्णांचे जेवणातले लक्ष टिकले, आहार वाढला आणि वजनातही सुधारणा दिसली. दक्षिण कोरियात ६५ वर्षांवरील ९४ व्यक्तींचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना सांभाळायला पिंजऱ्यातले रातकिडे दिले होते. आठ आठवड्यांनंतर त्यांच्या निराशेच्या मोजपट्टीवर थोडी सुधारणा आढळली. त्याआधी १९७६ साली अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात काही रहिवाशांना एकेक रोप देऊन त्याची जबाबदारी आणि स्वतःचे लहानसहान निर्णय त्यांच्याकडे सोपविले. ज्यांच्यासाठी सगळे कर्मचारीच करीत होते, त्यांच्यापेक्षा हे रहिवासी अधिक सतर्क आणि प्रसन्न दिसले.

हे सारे लहान प्रमाणातले अभ्यास आहेत. त्यांवरून कोळंबी पाळल्याने रक्तदाब उतरेल किंवा स्मृतिभ्रंश थांबेल, असे म्हणता येणार नाही. मात्र जीव केवढा आहे यापेक्षा तो आपल्या हाती आहे ही जाणीव महत्त्वाची, एवढे त्यांतून दिसते.

बीडचे पाणी आणि कोळंबी

पाण्याचे मोल बीडकरांना नव्याने सांगायला नको. बीड शहराजवळची खजाना विहीर निजामशाहीच्या काळात बांधली गेली. कंकालेश्वराचे मंदिर तर पाण्याच्या कुंडातच उभे आहे. आणि याच मुलुखात टँकरच्या रांगाही आपण पाहिल्या. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस कुणीच विसरलेले नाही. अशा जिल्ह्यात हौसेसाठी पाणी कसे वापरायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हिशेबात आहे. अठरा इंच लांब, बारा इंच रुंद आणि बारा इंच उंच पेटीत सुमारे ४० लिटर पाणी मावते. एकदा भरल्यावर आठवड्याला त्यातले फक्त चार लिटर बदलायचे असते, आणि काढलेले पाणी वाया जात नाही. त्यात वनस्पतींना पोषक असा नत्राचा अंश असतो. ते तुळशीला, मोगऱ्याला किंवा परसातल्या कढीपत्त्याला घालावे.

आपला भूभाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा. त्यात मुरलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. म्हणून बादलीवर पांढरे डाग पडतात आणि डाळ लवकर शिजत नाही. कोळंबीला मात्र हा जडपणा काही प्रमाणात हवाच असतो. ती वाढताना जुने कवच टाकून नवे धारण करते आणि त्या कवचासाठी तिला कॅल्शियम लागते. आरओच्या जारचे पाणी एकट्याने वापरले, तर क्षार कमी पडून कात टाकतानाच ती दगावू शकते. उलट बोअरचे पाणी फारच क्षारयुक्त असेल, तर तेही तिला सोसत नाही.

यावर उपाय मिश्रणाचा. क्षार मोजण्याचे पेनासारखे टीडीएस यंत्र स्वस्तात मिळते; आरओची दुरुस्ती करणाऱ्याकडेही ते असते. मिश्रणाचा आकडा २०० ते ३०० च्या दरम्यान आणावा. उदाहरणार्थ, बोअरच्या पाण्याचा आकडा ९०० आणि आरओचा ५० असेल, तर एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ मिसळल्यावर सुमारे २६० येतो. बोअरचा आकडा ६०० असेल, तर एकास दोन हे प्रमाण पुरते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते उघड्या बादलीत २४ तास ठेवावे किंवा मत्स्यालयाच्या दुकानातील क्लोरीननाशक थेंब वापरावेत.

आणखी एक बारकावा. उन्हाळ्यात पेटीतले पाणी वाफ होऊन बोटभर खाली उतरते. वाफेबरोबर फक्त पाणी जाते, क्षार मागेच राहतात. ही तूट पुन्हा बोअरच्या पाण्याने भरत राहिलो, तर महिन्याभरात पेटी खारट होते. म्हणून आटलेले पाणी नेहमी आरओच्या किंवा साठविलेल्या स्वच्छ पावसाच्या पाण्याने भरावे. मिश्रण वापरायचे ते फक्त आठवड्याच्या चार लिटरसाठी.

मांडणी आणि सहा आठवड्यांचा धीर

पेटी भक्कम टेबलावर, थेट ऊन येणार नाही अशा जागी ठेवावी. खुर्चीत बसल्यावर ती डोळ्यांच्या रेषेत यावी, म्हणजे मानेला ताण पडत नाही. तळाशी गडद रंगाची बारीक खडी पसरावी. काळ्या पार्श्वभूमीवर लाल रंग उठून दिसतो आणि मोतीबिंदूमुळे नजर मंदावलेल्यांनाही कोळंबी ओळखता येते. शेजारी दांडीचे भिंग ठेवले तर उत्तमच.

पाणी गाळण्यासाठी साधा स्पंजचा फिल्टर आणि त्याला जोडलेला लहान हवेचा पंप घ्यावा. जोरदार ओढीच्या फिल्टरमध्ये पिले खेचली जातात. स्पंजमध्ये तो धोका नाही. वनस्पतींमध्ये जावा मॉस सर्वांत उपयोगी. तिच्या गुंत्यात पिलांना आडोसा आणि खाद्य दोन्ही मिळते. सोबत हॉर्नवर्ट, व्हॅलिसनेरिया, अनुबियास यांपैकी जे मिळेल ते लावावे. यांना खास प्रकाशाची किंवा वायूच्या नळकांडीची गरज नाही. दिवसाला सात-आठ तास साध्या एलईडीचा प्रकाश पुरतो. शेततळ्यातून वनस्पती उचलून आणू नयेत. त्यांच्याबरोबर फवारणीचे अवशेष येतात आणि चतुराच्या अळ्याही येतात. ती अळी पट्टीची शिकारी असून कोळंबीचा फडशा पाडते. विकतच्या वनस्पतीही आठवडाभर वेगळ्या बादलीत, पाणी बदलत ठेवाव्यात आणि मगच पेटीत लावाव्यात.

आता धीराचा भाग. पेटी भरली की लगेच कोळंबी सोडण्याचा मोह होतो. तसे करू नये. जिवांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या पानांतून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. काही उपकारक जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे नायट्रेट वनस्पती शोषून घेतात. जिवाणूंची ही वसाहत स्पंजवर आणि खडीवर रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत वनस्पती, चालू फिल्टर आणि चिमूटभर खाद्य एवढेच असू द्यावे. लोणचे मुरण्याआधी बरणी उघडायची नसते, हे आपल्या घरांना वेगळे शिकवावे लागत नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याचे तपासणी संचाने पाहून मगच कोळंबी आणावी.

आणलेली पिशवी थेट ओतू नये. कोळंबी त्या पाण्यासह लहान भांड्यात घ्यावी आणि सलाइनच्या नळीसारख्या बारीक नळीतून पेटीचे पाणी थेंबथेंब दोन तास तिच्यात पडू द्यावे. मग जाळीने अलगद उचलून पेटीत सोडावी.

आपल्याच घरातले घातक पदार्थ

कोळंबीचा सर्वांत मोठा शत्रू तांबे. आपल्या शरीराला सोसणारी त्याची मात्रा या जिवाला मारक ठरते. म्हणून तांब्याच्या हंड्यात किंवा पितळी कळशीत ठेवलेले पाणी पेटीत कधीही घालू नये. शेतीच्या कामासाठी घरात असलेला मोरचूद, बोर्डो मिश्रण आणि माशांची काही औषधेही तांबेयुक्त असतात. पेटीसाठी प्लॅस्टिकचा स्वतंत्र तांब्या आणि बादली ठेवावी आणि त्यांवर रंगाने खूण करावी.

दुसरा शत्रू कीटकनाशके. कोळंबी नात्याने कीटकांच्या जवळची, त्यामुळे कीटकाला मारणारे द्रव्य तिलाही मारते. झुरळांचा फवारा, डासांची वडी आणि विजेवरचे द्रव पेटीच्या खोलीत वापरू नये. मच्छरदाणी अधिक चांगली. गल्लीत धूरफवारणी असेल त्या दिवशी खिडक्या लावून पेटीवर ओली चादर टाकावी आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवावा. कपाशीवर फवारणी करून आलेल्यांनी अंघोळ केल्याशिवाय पेटीत हात घालू नये.

डेंग्यूचा विषयही येथेच. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आपली पेटी आठवड्याला कोरडी करता येत नाही. म्हणून तिच्यावर घट्ट बसणारे झाकण किंवा बारीक जाळी हवीच. फिल्टरच्या बुडबुड्यांनी पाणी हलते राहते, त्याचाही उपयोग होतो. आरोग्य सेवक तपासणीला आले की पेटी स्वतः दाखवावी. अळीनाशक औषध मात्र या पाण्यात टाकू देऊ नये. पाण्यात अळी नाही हे त्यांना दाखवून समजावून सांगावे. अळ्या खातात म्हणून पेटीत गप्पी मासे सोडण्याचा सल्ला कुणी देईल. गप्पी डासांच्या अळ्या खातो हे खरे, पण कोळंबीची पिलेही तितक्याच आवडीने खातो. पिले हवी असतील तर मासा नको.

रोजची सेवा

कोळंबी दिवसभर काही ना काही चरत असते. वनस्पतींवर आणि खडीवर साचणारा सूक्ष्म जिवांचा थर हे तिचे मुख्य अन्न. शाळेच्या आवारात असणाऱ्या देशी बदामाची गळून वाळलेली पाने तिला फार मानवतात. स्वच्छ धुऊन एक पान पेटीत टाकले की ते हळूहळू मऊ होते, त्यावर थर धरतो आणि महिनाभर कोळंबी त्यावर बसून असते. फवारणी झालेल्या झाडाची पाने मात्र घेऊ नयेत.

याशिवाय आठवड्यातून तीन-चार वेळा, दोन तासांत संपेल एवढेच तयार खाद्य द्यावे. कधी पालकाचे पान किंवा दोडक्याची पातळ चकती नीट धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून द्यावी आणि उरलेली त्याच दिवशी काढून टाकावी. येथे आजी-आजोबांना एक प्रेमाची सूचना. नातवाला ‘आणखी एक घास’ भरवण्याची सवय येथे चालत नाही. घरातल्या पेट्या उपासाने सहसा बिघडत नाहीत. त्या अतिखाऊपणाने बिघडतात. न खाल्लेले अन्न कुजते, अमोनिया वाढतो आणि एका रात्रीत सगळे संपते.

कधी सकाळी तळाशी पारदर्शक, पोकळ कोळंबी पडलेली दिसेल. घाबरू नये, ती टाकलेली कात आहे. ती काढूही नये. इतर कोळंब्या ती खाऊन आपले क्षार परत मिळवतात. खरोखर मेलेली कोळंबी गुलाबट-पांढरी, अपारदर्शक दिसते. तिला लगेच काढावे. तिचे आयुष्य साधारण एक ते दोन वर्षांचे असते. त्यामुळे अधूनमधून एखादी जाणारच, आणि त्यात पाळणाऱ्याचा दोष असतोच असे नाही.

पिलांचे आगमन

मादी नरापेक्षा मोठी, अधिक गडद आणि पोटाकडे गोलसर असते. तिच्या पाठीवर, मानेमागे पिवळसर किंवा हिरवट डाग दिसू लागला, की ती अंड्यांसाठी तयार होत आहे असे समजावे. घोड्याच्या खोगिराच्या आकाराचा हा डाग म्हणजे तिच्या शरीरातली कच्ची अंडी. तिने कात टाकली की तिच्या गंधाने नर अस्वस्थ होऊन पेटीभर पोहत सुटतात. मीलनानंतर अंडी पोटाखालच्या पायांत येतात. सहसा वीस ते तीस. मादी ते पाय सतत पंख्यासारखे हलवून अंड्यांना ताजे पाणी देत राहते. भिंगातून हे दृश्य तासभर पाहिले तरी कंटाळा येत नाही.

तीन ते चार आठवड्यांनी एखाद्या सकाळी जावा मॉसमध्ये दोन मिलिमीटरचे काही ठिपके हलताना दिसतात. ही पिले, हुबेहूब आईसारखी. त्यांना वेगळे काढायचे नाही, वेगळे भरवायचे नाही. पेटी जुनी आणि मुरलेली असेल तर सारे काही तिथेच मिळते. त्या पंधरवड्यात पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी आणि अगदी सावकाश बदलावे, नळीच्या तोंडाला कापड बांधावे. दोन-तीन महिन्यांत ही पिले स्वतः वयात येतात. दहाची शंभर व्हायला वर्ष लागत नाही.

दोन पथ्ये पाळावीत. वेगवेगळ्या रंगांची चेरी कोळंबी एकत्र ठेवू नये. त्यांच्या संकरातून काही पिढ्यांत मूळचा मातकट रंग परत येतो. आणि संख्या फार वाढली म्हणून ती बिंदुसरेत, विहिरीत किंवा शेततळ्यात सोडू नये. परका जीव आपल्या पाण्यातल्या मूळच्या जिवांची जागा बळकावू शकतो. त्याऐवजी वाटावी. विरजण लावायला शेजारणीला वाटीभर दही द्यावे, तशी दहा कोळंबी आणि जावा मॉसचा एक झुपका द्यावा. शाळेला द्यावा, दुसऱ्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या मित्राला द्यावा. त्यानिमित्ताने त्याच्या घरी जाणे-येणे सुरू होते. ‘तुमच्या पाण्याचा आकडा किती आला?’ असा फोन येतो. ज्याला आठवडाभर कुणी काही विचारले नव्हते, त्याला आता सल्ला विचारला जातो.

उन्हाळा आणि भारनियमन

चेरी कोळंबीला २२ ते २६ अंश तापमान सर्वांत मानवते. हिवाळ्यात पाणी १८ अंशांपर्यंत उतरले तरी चालते, फक्त पिले कमी होतात. खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांची. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो आणि पेटीचे पाणी तिशीच्या वर जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि कोळंबी गुदमरू लागते. या दिवसांत पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत असावी, दिवा रात्रीच्या वेळी लावावा आणि झाकणाऐवजी जाळी ठेवून पाण्यावर लहान पंखा सोडावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश गार होते. गोठविलेली पाण्याची बंद बाटली पेटीत तरंगत ठेवता येते, मात्र तापमान एकदम उतरू देऊ नये. खाद्य निम्मे करावे. आणि एक लक्षात घ्यावे, जी खोली कोळंबीला फार गरम, ती सत्तरीच्या माणसालाही धोक्याची. पेटीतला तापमापक तिशीच्या पुढे गेला, की आपणही पाणी प्यावे, दुपारी बाहेर पडू नये.

वीज गेली तर चार-सहा तास काळजीचे कारण नाही. दीर्घ भारनियमन असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवावा.

पाळणाऱ्याची पथ्ये

भरलेली पेटी खडी-काचेसह ५० किलोच्या पुढे जाते. ती कधीही उचलू किंवा सरकवू नये. बादलीही उचलू नये. चार लिटर पाणी दोन-दोन लिटरच्या जगने बदलावे. जमिनीवर सांडलेले पाणी आधी पुसावे. या वयात घसरून मोडलेला खुबा सर्वांत महागात पडतो. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व प्लग काढावेत आणि वायर प्लगपेक्षा खाली लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगमध्ये शिरत नाही.

हातावर जखम, चीर किंवा भेगा असतील तर मोजे घातल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. मधुमेहींनी तर नेहमीच मोजे वापरावेत. मत्स्यालयाच्या पाण्यातून क्वचित एका जिवाणूचा संसर्ग होतो आणि बोटावर किंवा हातावर बरी न होणारी गाठ उठते. अशी गाठ दोन-तीन आठवडे टिकली, तर डॉक्टरांना ‘आमच्या घरी पाण्याची पेटी आहे’ हे आवर्जून सांगावे. त्यावाचून निदान लांबते. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू असणाऱ्यांनी फक्त पाहण्याचा आनंद घ्यावा आणि हातचे काम घरच्यांवर सोपवावे. कोळंबी खाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी पेटीत हात घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

सुना-मुलांनो, मुलींनो, आपल्या कामाच्या यादीत ही आणखी एक भर ठरू नये. म्हणून आधी घरातल्या ज्येष्ठांना विचारा. त्यांना नको असेल तर विषय तेथेच संपवा. लादलेली हौस हे ओझेच असते. हवी असेल तर कामे वाटून घ्या. खाद्य देणे, मोजणे आणि नोंद ठेवणे त्यांचे. जड उचलणे आणि आठवड्याचे पाणी तुमचे किंवा नातवंडांचे. एका वहीत तारीख, तापमान, अंडी धरलेल्या माद्यांची संख्या एवढे लिहायला सांगा. लिहिण्याने बोटे हलती राहतात आणि दिवसाला एक तारीख मिळते.

विसरण्याचा त्रास असेल तर खाद्य सात वारांच्या गोळ्यांच्या डबीत मोजून भरा. मात्र ही डबी औषधांच्या डबीपेक्षा वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या जागी ठेवा. बाकीचा डबा कुलपात राहू द्या. त्यांनी एखादे वेळी जास्त खाद्य टाकले आणि कोळंबी मेली, तर दोष देऊ नका. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची उशी पेटीकडे वळवा आणि रोज काय दिसले ते विचारा. बोलायला विषय मिळाला की ‘जेवलात का, गोळी घेतली का’ यापलीकडचे संभाषण सुरू होते.

आणि एक गोष्ट नजरेआड करू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे किंवा ‘आता जगून काय करायचे’ अशी भाषा ऐकू आली, तर त्यावर कोळंबी हा इलाज नाही. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला मिळतो आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी आहे. हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा.

वाचकहो, सुरुवात करायची असेल तर आजच कोळंबी मागवू नका. आधी घरातल्या पाण्याचा आकडा मोजून घ्या. मग पेटी मांडा, वनस्पती लावा आणि सहा आठवडे थांबा. दिवाळीच्या आगेमागे पेटी भरली, तर थंडीत कोळंबी रुळेल आणि ऊसतोडीची माणसे घरी परतायच्या सुमारास पहिली पिले मोजायला येतील. ती मोजायला नातवंडांना भिंग द्या. आकडा चुकला तर पुन्हा मोजायला सांगा.